बारवेतल्या दगडाचं रगत

बारवेतला गाळ उपसताना कोरीव अक्षरांचा एक दगड निघाला आणि मुरुडजवळच्या आमच्या गावात आठ दिवसांत जत्रा भरली. दगडाला हळद माखलेली. रामलिंग महाराज तांब्यातलं तीर्थ वर ओतायचे आणि अक्षरं लालभडक व्हायची.

"देवीचं रगत, हटंल आजार! प्या घोटभर, उठंल पीडेचा बाजार!"

तेच ओघळलेलं पाणी खाली टपात जमायचं. त्यात माश्या तरंगत होत्या आणि त्यातच शंभर जणांचे उष्टे हात बुडत होते. तरी मीही हात जोडून उभा होतो.

आमच्या गल्लीतली सिंधु लेकीला मांडीवर घेऊन पुढंच बसली होती. सात वर्षांच्या सुकन्येला फेफरं यायचं. दवाखान्याच्या गोळ्यांनी ते वर्षभर थांबलं होतं. महाराजांनी गेल्या आठवड्यात गोळ्याच बंद करायला लावल्या. तीर्थ पिऊन पिऊन पोरीचे कोवळे ओठ सोलून निघाले होते.

तेवढ्यात काठी टेकत केरबा आजोबा आले. बौद्धवाड्यातले, अठ्ठ्याऐंशी वर्षांचे, निजामाच्या काळात उर्दू शाळेत बसलेले.

"लांबूनच बोल. दगडाला शिवू नको," महाराज खेकसले.

"शिवायचं कशाला? वाचायला डोळे लागतेत. ही लिपी कोणती म्हन्ता?"

"सर्पलिपी! देवीची! वाचील त्याचे डोळे जातील!"

"माजं मोतीबिंदूचं ऑप्रेशन झालंय, आता न्हाई जात." आजोबांनी बोट हवेत उजवीकडून डावीकडं फिरवलं. "यहाँ जानवर नहलाना मना है. निजाम सरकारची उर्दू पाटी हाय ही, बाबांनो. हितं ढोरं धुवू नका म्हनून!"

कुणीतरी फिस्सकन हसलं.

"मग रगत कुठून आलं रे?" महाराज गरजले.

शाळेच्या विशाखा मॅडम उठल्या. शेजारच्या ताटातली हळद त्यांनी तळहातावर चोळली आणि महाराजांच्याच तांब्याची धार त्यावर धरली. हात लाल झाला.

"अगं बया! हे तर कुंकवाचं काम!" म्हातारी नागुबाई ओरडली. "हळदीला चुना! आमी घरी करायचो की!"

"चुन्याची निवळी आहे ही, चुन्यावरचं नितळ पाणी," मॅडम म्हणाल्या. "सिंधुताई, पोरीचे ओठ हिच्यानंच सोललेत."

सिंधु लेकीच्या तोंडाकडं बघतच होती, तोच पोर ताठ झाली. हातपाय झटकू लागली.

"आली! देवी आली! चप्पल हुंगवा!" महाराज चप्पल घेऊन वाकले.

"हात लावू नका माज्या लेकीला!" सिंधुनं त्यांना असं ढकललं की ते टपात बसले. "मॅडम, काय करू?"

मॅडमनी पोरीला कुशीवर वळवलं, गळ्याजवळची बटणं सोडली. झटके थांबले तशी सिंधु लेकीला उचलून मुरुडच्या दवाखान्याकडं निघाली. गोळ्या त्याच दिवशी पुन्हा सुरू झाल्या. महाराजांची तक्रार तिनंच पोलिसांत दिली.

किळस मला महाराजांचीच आली असं नाही. पोरीचे ओठ सोललेले बघूनही हात जोडणाऱ्या आम्हा सगळ्यांची आली. म्हणून हात जोडायचेच तर एवढ्यासाठी जोडतो: फेफरं हा मेंदूचा आजार आहे. झटका आला तर माणसाला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, चप्पल-कांदा हुंगवू नका. आणि डॉक्टरला विचारल्याशिवाय गोळी एक दिवससुद्धा थांबवू नका.