आधी त्याचं त्याला

दीपमाला माझी धाकटी जाऊ. उंब्रजला आमचं घर एकच, चूलही एकच. तिचा नवरा वीरधवल फौजेत. त्यामुळं लेकीला, साक्षीला, दर महिन्याला साताऱ्याला नेऊन रक्त चढवून आणणं तिच्याच अंगावर पडलेलं. साक्षीला थॅलेसेमिया; तिचं शरीर पुरेसं रक्त तयारच करत नव्हतं. ती पाच वर्षांची पोर सुई बघून रडायचीही नाही, नुसता हात पुढं करायची.

दीपमालाला पुन्हा दिवस गेले. पोटातलं बाळ निरोगी असल्याचं तपासणीत कळलं. त्याच सुमारास नाळेतलं रक्त साठवणाऱ्या एका कंपनीचा माणूस घरी येऊन गेला. बाळाचं रक्त जपून ठेवा, पुढं त्यालाच कामी येईल, असं त्याचं म्हणणं. दीपमालानं ते डॉक्टरबाईंच्या कानावर घातलं. बाळाला स्वतःचंच रक्त लागायची वेळ क्वचित येते, असं बाई म्हणाल्या. सार्वजनिक रक्तपेढीला दान केलं तर ते कुणाही गरजूला जातं. पण घरात असं आजारी भावंड असेल तर त्याच्यासाठी ते राखून ठेवावं. जुळलं तर साक्षी बरी होऊ शकते. तेव्हापासून आम्ही सगळे नाळेतल्या रक्ताच्या त्या एका पिशवीवर आशा लावून बसलो.

बाळंतपण महिनाभर आधीच आलं. मी तिच्या उशाशी होते. मुलगा झाला, अगदी मूठभर. डॉक्टरबाईंनी भराभर सांगितलं, नाळ आत्ताच बांधली तर पिशवी भरेल. थोडं थांबलं तर ते रक्त बाळाच्या अंगात जाईल. बाळ अशक्त आहे, थांबलेलं बरं.

"थांबा," दीपमाला म्हणाली. "आधी त्याचं त्याला. उरंल ते साक्षीला."

मी तिचा हात धरला होता. 

उरलेलं रक्त थोडंच निघालं. ते पुण्याला साठवलं. तपासलं तर साक्षीशी जुळलं, पण एकटं पुरणार नव्हतं. डॉक्टरांनी वाट बघायला सांगितलं. बाळाचं नाव साईराज ठेवलं; तो अंगानं भरला, घरभर पळायला लागला, तेव्हा त्याच्या हाडातला थोडा मगज काढून त्या साठवलेल्या रक्तासोबत साक्षीला दिला. पोर कित्येक आठवडे काचेआड होती. वीरधवल रजा काढून आला. दोघं आळीपाळीनं बाहेर बसायची. मध्ये ताप इतका चढला की आम्ही आशा सोडली होती. मग हळूहळू तिचं स्वतःचं रक्त तयार व्हायला लागलं.

आता वर्ष होऊन गेलं, साक्षीला बाहेरचं रक्त लागलेलं नाही.

परवा भाकरी थापताना मी दीपमालाला विचारलं, नाळ बांधायच्या त्या घडीला तुझ्या जिवाला काय वाटलं?

"साक्षी निदान मला मागू शकत हुती, ताई," ती म्हणाली. "त्याला तर अजून रडायलाबी येत न्हवतं."

 वयानं मी तिच्यापेक्षा मोठी, पण त्या खाटेवर तिच्या जागी मी असते तर पिशवीच भरा म्हटलं असतं.