ही फाइल हाताने बदलू नये

भूपेंद्र पाटील वाईट माणूस आहे असं त्या ऑफिसात कुणीच म्हटलं नसतं. कुणाच्या पोराची अ‍ॅडमिशन असो, कुणाची गाडी रस्त्यात बंद पडलेली असो, हा हजर. असल्या माणसांची मला फार भीती वाटते. मदत कुणाला करायची हे त्यांचं आधीच ठरलेलं असतं, आणि ज्याला वगळलं त्याला विचारायला कुणी जात नाही.

ऑफिस सुरतच्या रिंग रोडला, कापड मार्केटच्या मागच्या इमारतीत. साड्यांवर भरतकाम करणाऱ्या मशीनचा प्रोग्राम तिथे बनतो. प्रोग्राम एकच, पण चालावा लागतो तीन ठिकाणी. डिझाइन काढणाऱ्यांकडे विंडोज, मशीनच्या पॅनेलवर लिनक्स, आणि शेठच्या मुलाला मॅकशिवाय दुसरं काही हातात धरवत नाही म्हणून मॅक. प्रत्येकाची प्रोजेक्ट फाइल वेगळी. कोडचे कुठले तुकडे घ्यायचे आणि कसे जोडायचे ते तिच्यात असतं. तीन तीन फाइली हाताने कोण सांभाळणार? म्हणून भूपेंद्रने एक जनरेटर लिहिला होता. तुकड्यांची नावं एका मूळ फाइलीत टाकायची. संध्याकाळी सर्व्हरवर जनरेटर चालतो आणि तिन्ही प्रोजेक्ट फाइली नव्याने लिहून काढतो. आधीच्या फाइलीत कुणी हाताने काही घातलं असेल तर ते गेलं. साडीवर चुकलेलं फूल तुम्ही सुईने सुधाराल, पण पुढच्या साडीवर मशीन पुन्हा तेच फूल काढणार. सुधारायचं तर मुळातलं डिझाइन सुधारायला हवं. हे कळायला फार वेळ लागत नाही. कुणीतरी सांगावं मात्र लागतं.

आणि त्या ऑफिसात लिहून ठेवायची पद्धत नव्हती. नवा माणूस आला की भूपेंद्र त्याला खाली चहाच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर, न्यायचा आणि सगळं तोंडी सांगायचा. त्याशिवाय जनरेटर प्रत्येक फाइलीच्या डोक्यावर इंग्रजीत एक ओळ छापायचा: ही फाइल आपोआप तयार झाली आहे, हाताने बदलू नये.

साक्षी सोनवणे रुजू झाली तेव्हा भूपेंद्रला मनापासून आनंद झाला होता. हे मी खोटं सांगत नाही.

"सोनवणे? कुठल्या गं तुम्ही?"

"चाळीसगावकडच्या. आता डिंडोलीत राहतो."

"डिंडोली? मग तू आपल्यातलीच निघालीस की! मी पण तिथलाच."

दुसऱ्या दिवशी त्याच्या बायकोने, रंजनाने, साक्षीसाठी वेगळा डबा पाठवला. कळण्याची भाकरी आणि ठेचा. "सोमवारी चहाला जाऊ, तुला सगळं नीट समजावून सांगतो," भूपेंद्र म्हणाला. सहा महिन्यांचं प्रोबेशन होतं. त्यानंतर कायम व्हायचं की घरी बसायचं, ते शेठ भूपेंद्रला विचारून ठरवणार होते.

शनिवारी रिक्षा बंद होत्या. भूपेंद्रने तिला बाइकवरून घरी सोडलं आणि तिने आग्रह केला म्हणून तो आतही आला. तिचे वडील श्रीपत उधन्याच्या रेल्वे यार्डात गाड्यांचे डबे धुऊन निवृत्त झालेले. ते खुर्ची पुसून उभे राहिले. आई अंजनाबाई साड्यांच्या ढिगात बसून भरतकामाच्या मागचे सुटे धागे कापत होती. तिने गठ्ठे सरकवून जागा केली आणि पाणी आणलं.

भूपेंद्रने ग्लास तोंडाला लावला, आणि त्याची नजर समोरच्या भिंतीवर गेली. बुद्धाची मूर्ती, शेजारी बाबासाहेबांची तसबीर, तिला ताजा हार. त्याने ग्लास खाली ठेवला. अर्धा भरलेला.

"चहा टाकते," अंजनाबाई म्हणाली.

"नको, नको. अ‍ॅसिडिटी होते मला."

असे अर्धे ग्लास अंजनाबाईने जन्मभर उचलले होते. तरी ती हसून म्हणाली, "पोरगी कायम झाली ना दादा, की हे गठ्ठे मी घरात येऊ देणार नाही. डोळे गेले माझे. आता तुमच्याच हातात आहे."

"मेहनत केली की होईल," भूपेंद्र म्हणाला आणि चपला घालू लागला.

घरी गेल्यावर त्याने रंजनाला सांगितलं, "त्या पोरगीना डबा नको भरू आते."

"काबरं? काय व्हयनं?"

"काही नही. नको म्हनं ना."

सोमवारचा चहा झाला नाही. त्याऐवजी भूपेंद्रने जनरेटर उघडला आणि ती इंग्रजी ओळ छापणारा भाग काढून टाकला. रागाबिगात नाही हो. नखं कापावीत तसं, शांतपणे.

साक्षीने पहिला तुकडा लिहिला, त्याचं नाव तिन्ही प्रोजेक्ट फाइलींत घातलं, प्रोग्राम चालला. ती खुशीत घरी गेली. सकाळी येऊन बघते तर नाव कुठल्याच फाइलीत नाही, प्रोग्राम तुटलेला, आणि सगळ्यांना मेल गेलेली: बिल्ड फेल, शेवटचा बदल साक्षी सोनवणे. तिने पुन्हा घातलं. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. मेल शेठलाही जायची.

ती भूपेंद्रकडे गेली. "दादा, माझी नावं रात्रीतून जातात."

"सेव्ह केलं नसशील."

"केलं होतं."

"मग विंडोजवर उघडून ठेवून लिनक्सवर बदलतेस का? तसं करू नये."

तिने तसं करणं बंद केलं, जे ती मुळात करतच नव्हती. इंटरनेटवर शोधलं, आणि एक दिवस सरळच विचारलं, "या फाइली कुठून जनरेट होतात का, दादा?"

भूपेंद्रने तिच्या डोळ्यांत बघितलं. "नाही गं. हातानेच लिहितो आपण. लक्ष देऊन कर, सगळे करतात."

शेजारच्या खुर्चीवर ज्योती होती. तीही प्रोबेशनवर, साक्षीच्या थोडी आधी आलेली. तिला लारीवरचा चहा मिळाला होता. तिने मान वर केली तेवढ्यात भूपेंद्र हसून तिला म्हणाला, "ज्योती, तेरा काम हो गया क्या?" तिने मान खाली घातली. मागाहून त्याने तिला आणि बाकीच्यांना सांगून टाकलं होतं, "उसको खुद ढूँढने दो. देखते हैं कितना दम है." सगळ्यांना ते फार गमतीचं वाटलं. साक्षी सकाळी सगळ्यांच्या आधी यायची, तिन्ही फाइलींत नावं पुन्हा भरायची, आणि लोक एकमेकांना खुणावायचे. "आज फिर?" "आज फिर." कुणाला तिच्या घरची भिंत माहीत नव्हती. माहीत असायची गरजही नव्हती. माणसाला हसायला एक माणूस मिळाला की पुरतं.

ज्योती दुपारी साक्षीबरोबरच जेवायची. तिच्या डब्यातली भाजी घ्यायची. तोंडातून मात्र शब्द काढला नाही.

साक्षी वाळली. घरी आईशेजारी बसून धागे कापताना ती मध्येच थांबायची आणि म्हणायची, "आई, मला काही येत नाही." अंजनाबाई म्हणायची, "येतं तुला. होशील तू कायम." सहा महिने रोज स्वतःच्या अकलेवर संशय घ्यायला लावणं हा माणूस मारायचाच एक प्रकार आहे. फक्त पोलीस येत नाहीत.

प्रोबेशन संपत आलं आणि सर्व्हर बिघडला. एक अख्खा दिवस बंद. दुसऱ्या सकाळी साक्षी आली तर तिची सगळी नावं जागच्या जागी! तिन्हीकडे प्रोग्राम चालतोय. काल बंद होता तो फक्त सर्व्हर, हे तिच्या लक्षात आलं. मग उठून वरच्या मजल्यावर सर्व्हर सांभाळणाऱ्या संदीपकडे गेली.

"सर्व्हर पे शाम को क्या चलता है?"

"जनरेटर चलता है ना. प्रोजेक्ट फाइलें वही तो बनाता है," संदीप म्हणाला. मग त्याने तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. "तुझे किसी ने बताया नहीं? अरे, पहले दिन बताते हैं!" त्याने लगेच तिला मूळ फाइल आणि जनरेटर दोन्ही उघडून दिले. भला माणूस, पण बसायचा वरच्या मजल्यावर.

साक्षीने तिची सगळी नावं मूळ फाइलीत घातली. त्या संध्याकाळी काही तुटलं नाही, दुसऱ्या संध्याकाळीही नाही. तिचं काम चांगलं होतं. पहिल्या दिवसापासून चांगलं होतं. तिला वाटलं, आता शेठला दिसेल.

शेठच्या केबिनमध्ये भूपेंद्र आधीच बसला होता. त्याने आवाजसुद्धा चढवला नाही. "सर, मेहनती है लड़की. लेकिन प्रोजेक्ट फाइल जनरेट होती है, ये उसको कब पता चला, पूछिए."

शेठने विचारलं.

"परसों," साक्षी म्हणाली.

"छ महिने खबर पडी?" कळायला सहा महिने लागले म्हणून शेठ हसू लागले.

"सर, किसी ने नहीं बताया. मैंने इनसे पूछा था. इन्होंने कहा हाथ से लिखते हैं. ज्योती वहीं बैठी थी."

शेठने ज्योतीला बोलावलं. काचेच्या दाराशी ती उभी राहिली. भूपेंद्र तिच्याकडे बघत नव्हता, स्वतःची नखं बघत होता. ज्योतीचं प्रोबेशनही त्याच महिन्यात संपत होतं.

"बताया था इसको?"

"बताया था, सर," ज्योती म्हणाली. "सबको बताते हैं."

साक्षीने तिच्याकडे एकदा बघितलं. मग भूपेंद्रकडे वळली आणि मराठीत म्हणाली, "दादा, त्या दिवशी आमच्याकडचं पाणी अर्धं ठेवलंत. तेव्हाच सांगायचं ना की नको येऊ. सहा महिने आईला कशाला आशा लावलीत?"

"क्या बोल रही है?" शेठने विचारलं.

"कुछ नहीं, सर," भूपेंद्र म्हणाला. "थँक्यू बोल रही है."

संध्याकाळपर्यंत तिला टेबल रिकामं करायचं होतं. तिने बाटली आणि डबा पिशवीत टाकला. मग पुन्हा बसली, जनरेटर उघडला आणि त्याचे जुने बदल चाळले. ती रुजू झाल्यानंतरच्या सोमवारी एक ओळ काढलेली दिसली. काढणाऱ्याचं नावही होतं. ते कुणाला दाखवायला ती गेली नाही. दाखवणार कुणाला? तिने ती ओळ परत घातली, शब्दन् शब्द तशीच. इथे पुढे जो कुणी येईल त्याचं असं होऊ नये, एवढंच तिच्या मनात होतं.

घरी अंजनाबाईने तिच्या तोंडाकडे बघितलं आणि सरकून शेजारी जागा केली. साड्यांचा नवा गठ्ठा आला होता. साक्षीने हात धुतले आणि दुसरी कात्री घेतली.

भूपेंद्रला फाइलीच्या डोक्यावर ती ओळ दुसऱ्याच दिवशी दिसली. कुणी घातली हे त्याला विचारावं लागलं नाही. पुसायला त्याने जनरेटर उघडलाही. मग थांबला. रिकाम्या खुर्चीवर वाल्मिक येणार होता, रंजनाचा धाकटा भाऊ. भूपेंद्रने ओळ राहू दिली.

वाल्मिकला पहिल्याच दिवशी लारीवरचा चहा मिळाला. वर आल्यावर भूपेंद्रने त्याला फाइल उघडून दाखवली. "ही ओळ बघून ठेव. नवा माणूस चुकू नये म्हणून घातलीय."

वाल्मिकने ती वाचली. "किती विचार करता हो दाजी तुम्ही दुसऱ्याचा," तो म्हणाला.