धुण्याचे पाणी

मामांनी वाकून गवतावर तळहात ठेवला आणि चटका बसावा तसा मागे घेतला. गवत ओले होते. मैदानाच्या पाण्याची मोठी चावी त्यांनी स्वतः बंद केली होती, तिचे चाकही काढून कपाटात ठेवले होते, आणि पावसाचा तर कित्येक दिवसांत पत्ता नव्हता. तरी इथे, धुलाईच्या खोलीकडच्या गोलच्या खांबांपुढे, सतरंजीएवढा एक तुकडा हिरवागार होता. बाकीचे सगळे मैदान जुन्या केरसुणीसारखे पिवळे पडलेले, आणि मधोमध हा तुकडा असा तरारून उभा, की त्याला कुणी काही सांगितलेच नसावे.

त्यांनी बोटे नाकाशी नेली. साबणाचा वास आला.

"अस्सं," मामा स्वतःशीच म्हणाले आणि तडक धुलाईच्या खोलीकडे निघाले.

फुटबॉल क्लबात त्यांना सगळे फक्कीमामा म्हणत. मैदानावर पांढऱ्या फक्कीच्या रेघा मारता मारता त्यांचे बूट, पँटच्या कडा आणि भुवयासुद्धा कायमच्या पांढुरक्या झाल्या होत्या. पाहुणा संघ आला की त्यांचा कप्तान आधी गवतावरून हात फिरवी आणि मग मामांकडे बघून मान हलवी. एवढ्या एका मान हलवण्यावर मामांचा आठवडा जात असे. त्यांची बायको ओघानेच मामी झाली. खेळाडूंचे कपडे धुणे, वाळवणे, उसवलेले शिवणे हे मामींचे खाते. त्यांच्या खोलीला मैदानाच्या बाजूने एक रुंद खिडकी होती. मॅच सुरू झाली की मामी स्टूल ओढून तिथे बसत. तिकीट न काढता सगळ्यांत चांगली जागा आपली, असे त्या येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत.

आत मशीन घरघरत होते. मामी बादलीत मोजे पिळत होत्या.

"तिथे पाणी तू घालतेस?"

मामींनी वर पाहिले नाही. "धुण्याचं पाणी आहे. कुठंतरी टाकावंच लागतं ना."

"त्याला गटार आहे."

"तुंबलंय."

"कधीपासून?"

"तुम्ही चावी बंद केलीत तेव्हापासून," मामी म्हणाल्या आणि त्यांनी पुढचा मोजा घेतला.

एरवी मामा हसले असते. पण उद्या ती बाई येणार होती.

क्लब बुडाला होता तो कराच्या पायी. खेळाडूंच्या पगारातून दर महिन्याला कर कापला जाई, पण तो सरकारकडे पोचतच नसे. कधी स्टँडवरचे पत्रे बदलायचे असत, कधी गोल मारणारा नवा खेळाडू आणायचा असे, जो आल्या आल्या गुडघा मोडून घेऊन बसे. पुढच्या महिन्यात भरू, असे म्हणत वर्षे गेली. हे सगळे करणारा खजिनदार म्हणजे मामींचा सख्खा धाकटा भाऊ. त्याने एक पैसाही स्वतःच्या खिशात घातला नव्हता, आणि हीच खरी पंचाईत होती; त्याला मनापासून शिव्या देण्याचीही सोय उरली नव्हती. शेवटी प्रकरण कोर्टात गेले आणि मैदान विकून कर वसूल करायचे ठरले. त्यातल्या त्यात एक सवलत मिळाली. कोर्टाने नेमलेली, किंमत ठरवणारी बाई जो आकडा काढील तो क्लबाच्या चाहत्यांनी भरला, तर मैदान त्यांचे. चाहत्यांनी पैसे जमवले होते. कुणी अंगठी विकली, कुणी गाडी विकली. पण बाजारभावापुढे ते फारच तोकडे होते.

तेव्हा खजिनदाराच्या डोक्यात ती कल्पना आली. "दाजी, मैदान उजाड दिसलं पाहिजे," तो मामांना म्हणाला होता. "असं हिरवंगार बघितलं की कुणीही चार पैसे जास्तच लावणार. ओसाड दिसलं तर भाव पडेल. आपल्या टप्प्यात येईल." समितीतल्या सगळ्यांना ते पटले. उभा जन्म ज्यांनी गवताकडे बघत काढला, त्यांनाच पटावी अशी ती युक्ती होती. मामांनाही पटली. त्यांनी चावी बंद केली आणि त्यानंतर कित्येक दिवस मैदानाकडे पाठ करून ते फक्कीच्या गोण्या उगीचच इकडच्या तिकडे रचत राहिले.

त्या वाळक्या मैदानावर मधे एक मॅच झाली. चेंडू वेडावाकडा उसळला, पोरांचे गुडघे सोलवटले. पाहुण्या कप्तानाने मान हलवली नाहीच, उलट कुणी मेलेल्या घरात बोलावे तसा तो हळू आवाजात बोलत होता. एक म्हातारा प्रेक्षक कठड्यावरून वाकून म्हणाला, "मामा, बरं नाही का तुम्हाला?" मामा हो म्हणाले. दुसरे काय सांगणार?

"उद्या ती बाई आली आणि तिनं तुझी ती हिरवी सतरंजी बघितली म्हणजे?" मामा आता म्हणाले. "इथे उगवतं म्हणजे सगळीकडे उगवेल, असं नाही वाटणार तिला?"

"एवढ्याशा तुकड्यानं काय होतंय?"

"एवढ्याशा करातच क्लब गेला. विचार तुझ्या भावाला."

मामींचे हात थांबले.

"लोकांनी अंगावरचं काढून पैसे दिलेत," मामांना आता आवरले नाही. "आणि तू लाड करत बसलीस गवताचे. उद्या भाव चढला ना, तर बहीण-भावानं मिळून क्लब बुडवला म्हणतील लोक."

बोलून गेल्यावर त्यांना लगेच वाईट वाटले. पण तोंडातून सुटले ते सुटले. पिळलेलाच मोजा मामी पुन्हा पिळू लागल्या. मामा जरा वेळ दारात घोटाळले आणि मग गोण्यांकडे गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई वेळेवर आली. डोक्यावर उन्हाची टोपी, पायात मळके बूट. बरोबरच्या माणसाने तिपाईवर दुर्बिणीसारखे यंत्र मांडले, पण त्याचे तोंड मैदानाकडे नव्हते, रस्त्याकडे होते. खजिनदार इस्त्रीचा शर्ट घालून फाटकाशी उभा होता. मामा त्याच्या मागे.

बाईने रस्त्याची रुंदी विचारली. मागची गल्ली पुढे कुठे निघते, सांडपाण्याची लाईन कुठून जाते, विजेचा खांब हलवता येईल का, हे विचारले. यंत्रवाला आकडे सांगत गेला आणि ती लिहून घेत गेली. मग तिने पेनाला टोपण लावले.

"झालं, निघते मी," ती म्हणाली.

खजिनदार गडबडला. "मॅडम, आत नाही का येणार? मैदान बघायचं राहिलं."

"मैदानात काय बघायचं?"

"फार खराब झालंय हो. गवत सगळं मेलंय."

बाईने पहिल्यांदाच फाटकातून आत नजर टाकली. "हो की. पाण्याचं बिल परवडलं नसेल तुम्हाला," ती म्हणाली. तिच्या आवाजात खरोखरची कणव होती. "पण गवताचा हिशोब मी धरत नाही. इथे इमारती येणार. गवतच काय, खालची पुरुषभर मातीसुद्धा खणून काढतील. हिरवं असतं तरी आकडा हाच आला असता."

"आकडा..." खजिनदार म्हणाला.

तिने सांगितला. सांगताना तिने खाली बघितले, एवढा चांगुलपणा तिच्यापाशी होता. चाहत्यांनी अंगठ्या सोडाच, राहती घरे विकली असती तरी तो आकडा गाठला नसता.

गाडी निघून गेल्यावर खजिनदार तिकीटखिडकीच्या पायरीवर मटकन बसला.

"दाजी, मला वाटलं होतं..."

तुला नेहमीच काहीतरी वाटत होतं, असे मामांच्या अगदी ओठावर आले. पण पायरीवर बसलेल्या त्या माणसाचे केस मागून विरळ झाले होते आणि मानेवर इस्त्रीची कॉलर उगीचच कडक उभी होती.

"ताईला कोणत्या तोंडानं सांगू?" खजिनदार म्हणाला.

"तू नको सांगूस. मी बघतो."

मामा मैदान ओलांडून निघाले. पायाखाली काड्या मोडत होत्या. प्रत्येक पावलाला त्यांना लाज वाटत होती, इतकी की शेवटी ते रेघेवरून, फक्कीवरून चालू लागले. हे गवत त्यांनी लहान पोरासारखे वाढवले होते आणि स्वतःच्या हाताने तहानेने मारले होते. कशासाठी, तर जिला ते बघायचेही नव्हते अशा एका बाईसाठी. चार लोकांना सोडा, एका तरी शहाण्या माणसाला आधी विचारायला हवे होते. पण शहाण्या माणसाला विचारायचे त्यांच्यापैकी कुणाला सुचलेच नव्हते.

धुलाईच्या खोलीकडच्या गोलपाशी येऊन ते थांबले. तो तुकडा तिथे नव्हता. म्हणजे जागा होती, पण गवत शिजलेल्या पालेभाजीसारखे जमिनीला चिकटून काळपट पडले होते. धुण्याच्या सोड्याचा उग्र वास येत होता. उकळते पाणी ओतले होते, एक नव्हे, चांगल्या तीन-चार बादल्या.

खोलीत मशीन बंद होते. मामी जर्सीच्या घड्या घालत होत्या. उजव्या मनगटावर ओला फडका गुंडाळलेला होता.

"हाताला काय झालं?"

"बादली कलंडली जरा. गेली का ती?"

"गेली."

"काय म्हणाली?"

मामा खाली बसले. बूट सोडायला लागले, आणि मग का सोडतोय हे न कळून पुन्हा बांधू लागले.

"मैदान फारच खराब आहे म्हणाली. असलं मैदान कुठे बघितलं नाही म्हणाली."

"सगळं बघितलं?"

"सगळं. या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरली. वाकून हात लावून बघितला."

"गोलपाशी?"

"गोलपाशीसुद्धा." मामांनी बुटाची गाठ आवळली. "तो तुकडा राहिला असता तर अवघड झालं असतं. बरं केलंस."

बोलता बोलता त्यांनी मान वर केली. खिडकी सताड उघडी होती. तिच्याशी स्टूल ओढलेले होते, मॅचच्या दिवशी असते तसे, आणि चौकटीवर चहाचा अर्धा कप तसाच निवून गेला होता. खिडकीतून सगळे मैदान दिसत होते, पार पलीकडच्या फाटकापर्यंत.

मामांनी मान पुन्हा खाली घातली.

मामींनी हातातली घडी पुरी केली. तिच्यावरून तळहात फिरवून ती नीट दाबली. "मग ठीक झालं," त्या म्हणाल्या. "म्हणजे वाया नाही गेलं."

"नाही."

मामी उठल्या. खिडकीशी जाऊन त्यांनी गार चहा मोरीत ओतला, कप विसळला, स्टूल जागेवर नेऊन ठेवले.

"चाक कुठल्या कपाटात ठेवलंय?" त्यांनी विचारले.

"कुठलं चाक?"

"पाण्याच्या चावीचं. रविवारी शेवटची मॅच आहे. गेल्या वेळेस किती गुडघे फुटले पोरांचे. त्या रक्ताचे डाग मलाच घासावे लागतात, तुम्हाला नाही."

"आता पाणी घालून गवत उठायचं नाही."

"माती तर मऊ होईल."

मामांनी चाक आणून बसवले. ते फिरवताना त्यांना जोर लागला. पाईप आधी नुसताच खोकल्यासारखा आवाज करत राहिला, मग गढूळ पाणी आले, मग स्वच्छ. फडका गुंडाळलेल्या हाताने मामींनी पाईपचे तोंड उचलले आणि ओढत ओढत आधी गोलपुढे नेले.