चौदा नंबरचे ठोके

"चौदा नंबर कालपासून रवंथ करत नाहीये, साहेब," मावशींनी तिसऱ्यांदा सांगितलं, आणि साहेबांनी तिसऱ्यांदा मेंढीकडे न बघता पडद्याकडे बघितलं.

"तिचं हृदय तुमच्या-माझ्यापेक्षा बरं चाललंय, मावशी. अठ्ठ्याहत्तर ठोके. हे बघा."

मावशींनी बघितलं नाही. पडद्यावर हिरवी रेघ उड्या मारत होती, तशी ती गेले दोन महिने मारत होती. काचेपलीकडच्या कप्प्यात चौदा नंबर कान पाडून, भिंतीकडे तोंड करून उभी होती आणि करकरा दात खात होती. मेंढीला दुखलं तर ती दुसरं करणार काय? तेवीस वर्षं प्राणीगृहात चारा घालून आणि लेंड्या उपसून मावशींना एवढं कळत होतं. साहेबांना कळण्याचा प्रश्नच नव्हता. प्रयोग त्यांचाच, पण त्यांनी कप्प्यात पाऊल ठेवलं ते एकदाच, फोटो काढायच्या दिवशी, तेही बुटांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवून.

तीन ते चौदा नंबरच्या बारा मेंढ्यांच्या हृदयात करंगळीच्या नखाएवढा एकेक सेन्सर बसवला होता. तो ठोके आणि दाब मोजून कप्प्यावरच्या डब्याला कळवायचा, डबा पडद्याला, आणि पडदा साहेबांना. आकडे असे बसल्या जागी येऊ लागल्यावर साहेबांनी जनावरांच्या डॉक्टरांची रोजची फेरी बंद करून टाकली. या मेंढ्या सुखरूप राहिल्या की पुढची पाळी माणसांची होती. त्या माणसांच्या यादीत तिसरं नाव मावशींच्या थोरल्या भावाचं होतं. हृदय थकल्यामुळे तो दोन वर्षं खाटेला खिळला होता. नाव घालून घ्यायला मावशीच साहेबांच्या दारात चार दिवस उभ्या राहिल्या होत्या. तेव्हा साहेब त्यांना देवमाणूस वाटले होते. आता ते आठवलं की त्यांना स्वतःचीच चीड यायची.

त्यांनी वहीत लिहिलं, 'चौदा: रवंथ बंद, जबड्याखाली सूज.' दुसऱ्या दिवशी त्याखाली साहेबांच्या मदतनीस डॉक्टरीणबाईंचं सुबक अक्षर होतं: 'सेन्सरनुसार प्रकृती उत्तम.' पालथ्या घड्यावर पाणी. मावशींनी तिसऱ्या दिवशीही तेच लिहिलं.

शुक्रवारी सकाळी त्या कामावर आल्या तेव्हा चौदा नंबर आडवी झाली होती. पाय ताठ, अंग गार. मावशींनी तिचे डोळे मिटायचा प्रयत्न केला, ते मिटेनात. बाहेर येऊन बघतात तर पडद्यावर चौदा नंबरचं हृदय अठ्ठ्याहत्तरनेच चाललेलं.

साहेबांना सांगायला गेल्या, तर त्यांनी दारातूनच हाताने थांबवलं. सेन्सर बनवणाऱ्या कंपनीचे पाहुणे आले होते. एरवी मावशी गप्प परतल्या असत्या. त्या दिवशी त्या पाहुण्यांच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. साहेबांनी एकेक रेघ समजावली आणि मग म्हणाले, आमची सर्वांत स्थिर मेंढी ही, चौदा नंबर.

"ती सकाळीच गेली, साहेब," मावशी म्हणाल्या. "मी हात लावून आलेय. तुम्हीही लावून बघा."

पाहुण्यांतल्या एका वयस्क बाईंनी काचेतून आत पाहिलं आणि हातातली वही मिटली.

दुपारी डबे उघडले तेव्हा कळलं, चौदा नंबरचा सेन्सर नऊ दिवसांपूर्वीच बंद पडला होता. तिच्या कप्प्यावरचा डबा शेजारच्या तेरा नंबरचे ठोके पकडत होता. एकाच हृदयावर दोघींचे आकडे चालले होते, आणि इतक्या शिकलेल्या माणसांपैकी एकालाही दोन रेघा हुबेहूब कशा, असा प्रश्न पडला नव्हता.

साहेब तोंडघशी पडले, पण फार वेळ पडून राहिले नाहीत. चार वाजता त्यांनी मावशींना बोलावून एक कागद पुढे केला. झाडताना मी डबे हलवले, असं त्यात होतं. नोकरीला काही होणार नाही, असं ते मोठ्या मायेने म्हणाले. फक्त सही करायची.

मावशींनी कागद सावकाश, शेवटच्या ओळीपर्यंत वाचला.

"मी डबे हलवले नाहीत," त्या म्हणाल्या. "आणि आता दुसरा कागद काढा. माझ्या भावाचं नाव यादीतून कमी करायचं आहे. त्यावर करते सही."

महिनाभराने संस्थेच्या भिंतीवर रंगीत तक्ता लागला. प्रयोगात अकरा मेंढ्या, अकराही ठणठणीत. बारावी कधी नव्हतीच. मावशींनी तो तक्ता बघितला आणि त्याखालची फरशी पुसून पुढे गेल्या.

पण त्या शुक्रवारी घरी जाताना त्यांचे पाय जड झाले होते. भाऊ उशीला टेकून वाटच बघत होता. आपला नंबर कधी, हे तो हल्ली रोज विचारायचा. मावशींनी पदराने तोंड पुसलं आणि सगळं सांगितलं, नाव कापल्याचंसुद्धा. त्याला न विचारता.

भावाने भिंतीकडे तोंड फिरवलं.

"तिच्याजवळ कोणी होतं का गं, शेवटी?" त्याने विचारलं.

"नाही, दादा. मशीन होतं."

हातांवर जोर देत, थांबत थांबत तो खाटेच्या कडेला सरकला आणि त्याने बहिणीला बसायला जागा करून दिली.