तिसऱ्या जागेवरचा माणूस

दोन हजार अठरा साल. बौद्ध भिक्खूंचा पावसाळ्यातला वर्षावास संपत आला होता आणि वारासिवनीच्या पुढच्या एका विहारात कौटुंबिक शिबिर भरलं होतं. तीन दिवस घरच्यांनी एकत्र राहायचं, वंदना आणि ध्यानाची सवय लावायची आणि शेवटच्या दिवशी प्रत्येक कुटुंबाने वर्षभराचा एक संकल्प सर्वांसमोर सांगायचा. बालाघाटहून आम्ही गेलो: मी, माझे पती टिकाराम, मुलगा पवन, सून राखी आणि दहा-अकरा वर्षांची नात दीपिका.

हट्ट माझा होता. पवन आणि राखी भांडत नसत. शेजारी बसून जेवत, पण एक शब्द बोलत नसत. गोंदियाला राखीची आई वारली, तेव्हा सगळं आटोपून ती एकटीच परतली. पवनने दार उघडलं, पिशवी आत ठेवली आणि पुन्हा टीव्हीसमोर जाऊन बसला. तेव्हापासून माझ्या जिवाला घोर होता.

"काहून नेऊन राह्यली त्यायले? भांडतात का?" टिकारामांनी विचारलं होतं.

"भांडले असते तं घरीच मिटलं असतं," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी शिबिर घेणाऱ्या खेमराज सरांनी मैत्रीभावना शिकवली. डोळे मिटून सुख मागायचं. आधी स्वतःसाठी, मग जिवलगासाठी. तिसऱ्या जागी असा माणूस, ज्याच्याविषयी राग नाही आणि लोभही नाही, रोज दिसणाऱ्या दुकानदारासारखा. चौथ्या जागी ज्याच्याशी वैर तो, आणि शेवटी सगळे जीव. नंतर घरच्यांनी गोल बसून, कुणाला मनात आणलं ते एकमेकांना सांगायचं.

दीपिका अंगणात पोरींबरोबर खेळत होती. आम्ही चौघं ओट्यावर बसलो.

"तिसऱ्या जागी मी बसच्या कंडक्टरले बसवलं," टिकाराम म्हणाले. "इतकी वर्षं झाली, त्याचं नाव बी नाही माहीत."

"आन् चौथ्या जागी, बाबा?" पवनने विचारलं.

"तुह्या मामाले."

मी डोळे वटारले, तसे सगळे हसले. पवन हसतच राखीकडे वळला. "तू तं भाजीवाल्याले घेतलं असशीन."

"नाही," राखी म्हणाली. "तुमाले घेतलं."

"दुश्मन म्हणून?"

"नाही. तिसऱ्या जागी."

पवनचं हसू तोंडावरच राहिलं. त्याने विचारलं, "माहा राग बी नाही येत का तुले?"

"येत होता. आई गेली तवा लय येत होता. आज पाह्यलं, तं नाही." मग ती हळू म्हणाली, "पर तुमच्यासाठी सुख मागतलं मी. मनापासून मागतलं."

त्या आवाजात टोमणा नव्हता. असता, तर मला बरं वाटलं असतं.

दुपारी पवनने तिच्यासाठी चहा आणला. लग्नानंतर प्रथमच. राखीने पेला घेतला आणि "थँक्यू" म्हणाली, परक्या माणसाला म्हणतात तसं.

रोज संध्याकाळी सगळ्यांनी मिळून वंदना करायची, हा संकल्प टिकारामांनी सुचवला. राखी म्हणाली, "मले नका मोजू, बाबा. पोरीचं शाळेचं हे वर्ष संपलं का मी गोंदियाले जाईन, कायमची." शेवटच्या दिवशी आमची पाळी आली, तेव्हा पवन उभा राहिला. "आमचं ठरलं नाही," एवढंच म्हणून तो खाली बसला. खेमराज सरांनी पुढच्या कुटुंबाचं नाव पुकारलं.

उन्हाळ्यात राखी दीपिकाला घेऊन गेली. बालाघाटच्या कोर्टात दोघांच्या संमतीने फारकत झाली. कुणी कुणाविरुद्ध काही बोललं नाही. ती आता गोंदियात शिवणवर्ग चालवते. दीपिका नागपूरला नर्सिंग शिकते आणि सुट्टीत दोन दिवस आमच्याकडे येते. पवन पूर्वीच्याच राइस मिलमध्ये कामाला आहे. त्याने दुसरं लग्न केलं नाही. हल्ली घरी आला की मला आधी विचारतो, जेवलीस का. मी हौ म्हणते आणि स्वयंपाकघरात जाऊन रडते.

टिकाराम दोन हजार एकवीसमध्ये गेले. शेवटपर्यंत ते राखीला सूनच म्हणत. ती आली, माझ्या गळ्यात पडून खूप रडली. मग डोळे पुसून तिने पवनला विचारलं, "बरे आहात न?"

पवन हौ म्हणाला, तोवर ती आलेल्या माणसांना पाणी द्यायला वळलीही होती.