पाणमांजराचं जाकीट

मित्रांनो, ॲल्डर नदी समुद्राला मिळते तिथं काउंटीचं, म्हणजे जिल्ह्याचं, पार्क आहे. पार्कात होड्या पाण्यात सोडायचा उतार आहे, शेजारी धक्का आहे आणि उताराच्या तोंडाशी एक लाकडी फळा उभा आहे. त्या फळ्यावर सगळ्यात उंच, खिळ्यांनी ठोकलेलं जुनं नारिंगी लाइफ जॅकेट दिसतंय ना? पोटावर आडवी चीर असलेलं? तो मी. माझ्या खाली खुंट्यांवर टांगलेली जाकिटं तुमच्यासाठीच आहेत, खुशाल घ्या. मला मात्र हात लावू नका. का लावू नका, ते सांगायलाच आज तोंड उघडलंय.

माझा जन्म एका मोठ्या शहरातल्या शिवणकामाच्या कारखान्यात झाला. तिथल्या बाया दिवसभर गप्पा मारत आमच्या पोटात सावरीचा कापूस भरायच्या. हा कापूस मोठा गुणी. हलका इतका, की फुंकर मारली तर उडेल, आणि पाण्यात माणसाला वर धरून ठेवेल. पण त्याला चेंगरलेलं खपत नाही. म्हणून तो आधी पातळ प्लास्टिकच्या पिशव्यांत बंद करायचा आणि मग कापडात शिवायचा. पिशवी फुटली, आत पाणी शिरलं, की संपलं. माझ्या गळ्याशी एक पट्टी शिवलेली होती. तिच्यावर ठळक छापलं होतं, 'याच्यावर बसू नये'. एवढी एकच अट होती माझी, मित्रांनो.

मला इथं आणलं इर्मा निस्कालाने. इर्मा आधी शाळेची बस चालवायची. ती नोकरी सुटल्यावर ती पार्काची राखण करायला लागली. संडास धुवायचे, तंबूवाल्यांची भांडणं सोडवायची, टेबलांखालचे चिकटलेले च्युइंगगम खरवडायचे, सगळं तिच्याकडे. तिचा आवाज अजून बसमधलाच होता. ती "खाली बस!" म्हणाली की मोठमोठे बाप्ये मुकाट्याने होडीत खाली बसायचे.

इर्माचा धाकटा भाऊ रेइनो लहानपणी याच उतारावरून होडीत बसून गेला होता. त्याच्या अंगात कुणाचं तरी मागून आणलेलं जाकीट होतं. दिसायला चांगलं धडधाकट, आतून कुजलेलं. होडी कलंडली, ओहोटीचं पाणी ओढत होतं, आणि जाकिटाने त्याला वर धरण्याऐवजी खाली नेलं. तेव्हापासून इर्माच्या मनात एकच गोष्ट होती. या उतारावरून एकही पोर चांगल्या जाकिटाशिवाय पाण्यावर जाता कामा नये.

फळा बांधला ऑर्विल टकरने. ऑर्विल म्हणजे इर्माचा शाळेपासूनचा दोस्त. रेइनो गेला त्या दिवशी तो इथंच, या धक्क्यावर होता. वाहून आलेल्या देवदाराच्या ओंडक्यातून त्याने फळ्या काढल्या, खुंट्या ठोकल्या. इर्माने प्रत्येक खुंटीवर एक प्राणी रंगवला आणि तोच प्राणी त्या खुंटीच्या जाकिटावर काढला. एकावर खेकडा, एकावर सील, एकावर पेलिकन. माझ्या छातीवर पाणमांजर आलं. ते जरा बोक्यासारखं झालं होतं.

"हे पाणमांजर आहे होय?" ऑर्विल म्हणाला. "मला वाटलं, माझे सासरे."

"मिशा तुझ्या सासऱ्यांच्याच आहेत," इर्मा म्हणाली. "बाकी पाणमांजर."

फळ्यावर तिने मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'घ्या. घाला. परत लावा.' कुलूप नाही, नाव विचारणं नाही, काही नाही. काउंटीच्या साहेबांनी तिला वेड्यात काढलं होतं. पण माणसं जाकिटं न्यायची आणि संध्याकाळी परत लावायची. मलाही या गोष्टीचा भारी अभिमान होता.

आणखी एक रीत इर्माने घातली होती. दर वसंतात, वारा पडलेला एखादा रविवार बघून बुडवणीचा दिवस व्हायचा. सारं गाव धक्क्यावर जमायचं. एकेका जाकिटाला पोत्यात घातलेला दगड बांधायचा आणि दोरी धरून पाण्यात फेकायचं. जाकीट दगडासकट वर राहिलं की ऑर्विल घसा ताणून ओरडायचा, "तरलं!" लोक टाळ्या पिटायचे. जे बुडालं, त्याला इर्मा तिथल्या तिथं सुरी लावायची. बुडालेलं जाकीट कापायचं, म्हणजे चुकूनही कुणी ते पोराच्या अंगात घालणार नाही. मग शिंपल्यांचं गरम गरम सूप, पाव, आणि भरतीची वाट बघत गप्पा.

मी दर वर्षी तरलो. खोटं कशाला बोलू, छाती फुगायची माझी.

आणि कामाला मी कधी कुचराई केली नाही. माझ्यावर पोरं ओकली, माझा पट्टा चावून चावून त्यांनी त्याचा चोथा केला. एकदा खेकड्यांचा पिंजरा ओढताना एक चिमुरडी होडीतून पाण्यात पडली. पाणी बर्फासारखं होतं आणि तिची आई नुसती किंचाळत होती. मी त्या पोरीची हनुवटी पाण्याच्या वर धरून ठेवली. लोक येईपर्यंत सोडली नाही. त्या दिवशी इर्माने मला उराशी धरलं आणि सगळ्यांसमोर रडली. ऑर्विलने माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "शाब्बास रे पठ्ठ्या!" मला वाटलं, हा आपला माणूस आहे. आपल्याला घर देणारा, आपली किंमत कळणारा माणूस.

हीच माझी चूक झाली, मित्रांनो.

त्या साली उन्हाळा संपला. तंबूवाले घरी गेले, पार्क ओकंबोकं झालं. एका सकाळी ऑर्विल आपल्या होडीकडे निघाला होता. त्याची कंबर अलीकडे धरायची आणि होडीतली बसायची फळी कडक. तो फळ्यासमोर थांबला, इकडंतिकडं बघितलं आणि मला खुंटीवरून काढलं. मला वाटलं, कुणी पोर येणार असेल. त्याने मला दुमडलं, फळीवर टाकलं आणि माझ्यावर बसला.

"हां, आता कसं!" तो आपल्या पेपर नावाच्या कुत्र्याला म्हणाला. "सोमवारी परत लावू रे, पेपर. आत्ता कोण येतंय?"

सोमवार आला आणि गेला. मग कितीतरी सोमवार गेले. अख्खा हिवाळा मी त्या दांडगट माणसाच्या बुडाखाली काढला. तो उठला की पेपर यायचा, माझ्यावर दोन गिरक्या घ्यायचा आणि अंगाची जुडी करून झोपायचा. कुत्र्यावर माझा राग नाही. त्या मुक्या जनावराला काय कळतंय! पण माझ्या पोटातली एकेक पिशवी पट् पट् फुटत होती, आणि वर बसलेल्या माणसाला तो आवाज ऐकू येत होता. एकदा तर तो हसून म्हणाला, "पोट बिघडलं वाटतं याचं."

आणि एक दिवस इर्मा धक्क्यावर आली. होडी बांधलेली होती, ऑर्विल माझ्यावर बसून पिंजरे दुरुस्त करत होता. इर्मा माझ्यापासून हातभर अंतरावर उभी होती.

"ऑर्विल, पाणमांजर कुठं दिसलं का रे? खुंटी रिकामीच आहे कधीची."

मी तिथंच होतो! माझ्या छातीवरच्या मिशा त्याच्या विजारीखाली दबलेल्या होत्या. ऑर्विलने हातातली गाठ आवळली आणि मान वर न करता म्हणाला,

"नेलं असेल त्या फळबागांकडच्या लोकांनी. सुट्टीला येतात, दिसेल ते डिकीत टाकतात आणि पसार. तुला किती वेळा सांगितलं, कुलूप लाव म्हणून?"

"तसं नको म्हणूस. इतक्या वर्षांत कुणी नेलं नाही."

"आता नेलं ना?"

इर्माने वळून रिकाम्या खुंटीकडे बघितलं. मग म्हणाली, "रेइनोच्या मापाचं तेवढं एकच होतं रे." आणि गेली. त्या माणसाने केसाने गळा कापला, मित्रांनो, तिचाही आणि माझाही. आणि थर्मास उघडून कॉफी प्यायला लागला.

बुडवणीचा दिवस माझ्याशिवाय झाला. त्या दिवशी इर्माने सांगून टाकलं, "आता फळा बंद करणार. माणसं आणून लावत नसतील तर कशाला ठेवायचा? काउंटीचे साहेब म्हणतात तसं कपाट आणि कुलूप." ऑर्विलचा चेहरा उतरला. फळा त्याच्या हातचा होता ना! त्या रात्री त्याने मला नळाखाली धुतलं. उन्हात दोन दिवस वाळवलं. पाणमांजराच्या मिशांवर नवा रंग फिरवला. आणि एका पहाटे धुक्यात, कुणी नसताना, गुपचूप मला माझ्या खुंटीवर टांगून तो निघून गेला.

बाहेरून मी नवा दिसत होतो. आतून माझ्यात काही उरलं नव्हतं, आणि हे त्याला ठाऊक होतं.

सकाळी इर्माने मला बघितलं आणि हातातली बादली टाकून धावत आली. "ऑर्विल! अरे ऑर्विल, बघ! आणून लावलं कुणीतरी! माझ्या मनात उगाच पाप आलं बघ लोकांबद्दल."

"बरं झालं की," ऑर्विल म्हणाला. तो आपल्या होडीशी उभा होता.

"संडास तेवढे उरकते आणि बुडवून बघते याला," असं म्हणून ती बादली उचलून गेली. हे बोलणं त्याने ऐकलं होतं.

तेवढ्यात एक जुनी गाडी होडी ओढत आली. सफरचंदांच्या बागांत काम करणारा एफ्राइन, आणि त्याची पोरगी मारिसोल. वर्षातून दोन-चारदा खेकडे धरायला यायची ती दोघं. मारिसोल गाडीतून उडी मारून थेट फळ्याकडे पळाली.

"पाणमांजर आलं! पप्पा, पाणमांजर परत आलं!"

ऑर्विल पुढे आला. मला वाटलं, आता बोलेल. देवा, आता तरी बोलेल.

"तू खेकडा घे की," तो म्हणाला. "तोही छान आहे."

"मला हेच पाहिजे. मागच्या वेळी नव्हतं."

"ते तुला जरा लहान होईल..."

"नाही होणार! बघा!" आणि तिने मला अंगात घातलं. तिच्या बापाचे हात होडीच्या दोऱ्यांत अडकले होते. "काका, तेवढा पट्टा बांधता का?" तो ऑर्विलला म्हणाला. ऑर्विल गुडघ्यावर बसला. त्याचे हात थरथरत होते. आणि त्या हातांनी त्याने माझा पट्टा त्या लेकराच्या पोटाभोवती नीट, घट्ट बांधला.

मी आतून ओरडत होतो, मित्रांनो. पण जाकिटाला आवाज कुठला!

होडी पाण्यात उतरली. एफ्राइनने मारिसोलला उचललं. आणि मागून तो बसमधला आवाज आला.

"थांबा! जागचं हलायचं नाही! ते जाकीट अजून बुडवलेलं नाही."

"बाई, ओहोटी सुरू होईल हो," एफ्राइन म्हणाला. "चांगलं दिसतंय की."

"माझ्या भावाचंही चांगलंच दिसत होतं," इर्मा म्हणाली. तिने मला सोडवलं, दगडाचं पोतं बांधलं आणि धक्क्यावरून फेकलं.

मी सगळा जोर लावला. क्षणभर तरंगलोही. मारिसोल टाळ्या वाजवायला लागली. मग गार पाणी माझ्या फुटक्या पिशव्यांत शिरलं, आणि मी खाली जायला लागलो. हळूहळू, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. टाळ्या थांबल्या.

इर्माने दोरी ओढली. मी धक्क्यावर ओल्या पोत्यासारखा पडलो. एफ्राइनने पोरीला जवळ ओढून घट्ट धरलं होतं. आणि ऑर्विल काय म्हणाला असेल?

"बघितलंस? नेलं, वाट लावली आणि आणून टांगलं. असली असतात ही बाहेरची माणसं."

हे त्या बापासमोर म्हणाला तो.

तेवढ्यात पेपर आला. त्याने मला हुंगलं, माझ्यावर दोन गिरक्या घेतल्या आणि रोजच्यासारखं अंगाची जुडी करून, मी ओलाचिंब असतानाही, माझ्यावर झोपून गेला.

इर्मा कुत्र्याकडे बघत राहिली. मग तिने होडीतल्या रिकाम्या फळीकडे बघितलं. मग ऑर्विलकडे.

"कंबर धरते गं माझी," ऑर्विल म्हणाला. "बसायलाच तर घेतलं होतं. उशीसारखं. मी परत लावलं ना?"

"तू पट्टा बांधलास," इर्मा म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. "तुला माहीत होतं, आणि तू त्या पोरीला पट्टा बांधलास. रेइनोला बाहेर काढलं तेव्हा तू माझ्या शेजारी उभा होतास ना रे?"

तिने खिशातली सुरी काढून त्याच्या हातात दिली. "काप. तूच काप."

त्याने कापलं. माझ्या पोटातून काळपट ओला गोळा बाहेर आला. कारखान्यातल्या त्या बायांनी फुंकरीने उडणारा कापूस भरला होता, तोच तो. एफ्राइन फळ्याकडे गेला आणि खेकड्याचं जाकीट घेऊन आला. इर्माने तेसुद्धा पुन्हा बुडवून बघितलं. मग म्हणाली, "जा. खाली बसून राहायचं हं." मारिसोल जाताना मागे वळून वळून माझ्याकडे बघत होती.

फळा बंद झाला नाही. खाली अजून कुलूप नाही. इर्माने मला वर ठोकलं, सगळ्यांना दिसेल असं. ऑर्विल आता दुसऱ्या धक्क्यावरून होडी सोडतो. बुडवणीच्या दिवशी "तरलं!" म्हणून इर्मा स्वतःच ओरडते.

मित्रांनो, माझ्यासारख्यांवर बसू नका, आम्हांला ओलं कोंबून ठेवू नका, वापरलं की परत लावा. पण एक गोष्ट त्याहून मोठी आहे. तुमच्या हातून काही फुटलं, बिघडलं, तर ते धुऊनपुसून गुपचूप जागेवर ठेवू नका. सांगा. बोलणी बसतील, मान खाली घालावी लागेल, तरी सांगा. ऑर्विलने मला नेलं, हिवाळाभर चेंगरलं, ते मी कधीतरी विसरेनही. पण मला परत लावलं, ते मी विसरणार नाही. त्याचे हात थरथरत होते, मी ते माझ्या पोटावर अनुभवलं. तरी त्याने तोंड उघडलं नाही.