घड्याळजींची अडकलेली मूठ

घड्याळजींना सगळं जमतं, असं गल्लीत फक्त एकच माणूस म्हणायचा: स्वतः घड्याळजी. त्यामुळे मोटारसायकलच्या रेसची मूठ सैल झाली, पिळली की नुसतं रबर गरगर फिरायचं आणि गाडी जागीच गुरगुरत राहायची, तेव्हा त्यांनी बाह्या सरसावल्या.

"अहो, माझ्या भावाकडे न्या की," बायको म्हणाली. "दोन गल्ल्या सोडून तर गॅरेज आहे त्याचं."

"केसाएवढ्या स्प्रिंगा बसवतो मी! ही मूठ म्हणजे किस झाड की पत्ती!"

खरं कारण वेगळंच होतं. आठ महिन्यांपूर्वी मेहुण्यानं दुकानात चार गिऱ्हाइकांदेखत विचारलं होतं, "दाजी, इथल्या प्रत्येक घड्याळात वेगळे वाजलेत. खरे किती वाजले?" तेव्हापासून दोघांत अबोला.

घड्याळजींनी रबर उपसून काढलं, दोन ट्यूबांतला गोंद कालवला आणि सढळ हातानं थापला. 'तासभर हात लावू नये' असं पाकिटावर छापलेलं होतं. ते अडाण्यांसाठी, असं ठरवून त्यांनी दहा मिनिटांत किक मारली. गाडी झोकात निघाली.

इकडे जास्तीचा गोंद रबराखालच्या प्लॅस्टिकच्या नळीच्या कडेनं आत झिरपून थेट हँडलला चिकटत होता. पहिल्याच वळणावर घड्याळजींनी रेस कमी करायला मूठ सोडली, तर ती हलेचना. क्लच दाबला, तसं इंजिन असं किंचाळलं की घाबरून त्यांनी क्लचही सोडला; ब्रेक तर सुचलाच नाही. गल्ली बागेला वळसा घालून परत घरासमोर यायची, म्हणून गाडीही आली.

बायको फाटकाशी टॉवेल पिळत होती. "लवकर आलात?"

"आलो नाही, चाललोय!"

दुसऱ्या फेरीला बाकावरच्या निवृत्त हेडमास्तरांनी पाय वर घेतले. "काही विसरलं का?" बायकोनं ओरडून विचारलं.

"थांबता येत नाहीये!"

तिसऱ्या फेरीला ती ओला टॉवेल घेऊन रस्त्याच्या मधोमध उभी होती. "किल्ली बंद करा, किल्ली!"

गाडी तिच्यापासून दोन हातांवर येऊन थांबली. बायकोनं नुसतं गॅरेजच्या दिशेनं बोट दाखवलं. मग घड्याळजींनी मान खाली घालून गाडी ढकलत नेली.

मेहुणा हसला नाही. पण हसू दाबता दाबता त्याचे कान लाल झाले. ब्लेडनं रबर चिरून, नळी फोडून त्यानं हँडल खरवडलं, पेट्रोलच्या फडक्यानं लख्ख पुसलं.

"दाजी, गोंद लावायचा तो नळीच्या वरून, तोही थेंबभर. नळी हँडलवर मोकळीच फिरली पाहिजे."

"हं," घड्याळजी म्हणाले. आठ महिन्यांतला हा पहिला शब्द.

नवी नळी, नवं रबर चढलं. मेहुणा रेसची जुनी केबल नळीला अडकवणार, इतक्यात घड्याळजींनी खिशातलं भिंग डोळ्याला लावलं. "थांब. टोकाशी एक तार तुटून वर आलीय. ती अडकली की मूठ पुन्हा अशीच राहणार."

"कुठे? काही नाही तिथे."

घड्याळजींनी भिंग त्याच्या हातात दिलं. मेहुण्यानं वाकून पाहिलं, पुन्हा पाहिलं. "आयला! माझ्या नजरेतून सुटलं असतं हे."

केबलही बदलली. आता मूठ पिळून सोडली की टक्कन मागे यायची. एकदा दाजींनी पिळली, एकदा मेहुण्यानं, आणि गिऱ्हाईक ताटकळत असूनही बराच वेळ तेच चाललं.

त्या संध्याकाळी मेहुणा जेवायला आला. केबलला तेल कुठून सोडावं, वरून की खालून, यावर दोघांची अशी जुंपली की ताटातलं गार झालं.

"आठ महिने किती शांततेत जेवत होते मी," बायको म्हणाली आणि तिनं आपलं ताट उचलून आतल्या खोलीत नेलं.